पांढऱ्या फोटोचे पेढे

प्रिय मैत्रेयी,

सप्रेम जय भीम.

बाबा फोन का घेत नाहीत, असं तू काल पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा शेतात गेलेत म्हणाले. सांगते, सगळं सांगते. पण फोनवर माझा आवाज साथ देत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. प्रफुल्लदादा याचा फोटो काढून तुला पाठवेल. पाण्यातून वर आलीस की आधी अंग पूस, दोन घास खा, मग वाच. आणि मधलं गाळून शेवटाकडे धावू नकोस. तुझी ती खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तू बेटावर जाऊन प्रवाळाचं काम घेतलंस तेव्हा घरात कोणालाच काही कळलं नव्हतं. दगडासारखं दिसणारं, तरी जिवंत, आणि समुद्र तापला की मरणारं, हे काय प्रकरण आहे? मग तू समजावलंस. तुटलेले तुकडे लोखंडी चौकटींवर बांधून वाढवायचे आणि जुनं प्रवाळ जिथे मेलं तिथे नेऊन लावायचे. बाबा लगेच म्हणाले, "मंग सरळ सांग ना वं, नांग्या भरून राह्यली म्हणून!" कपाशीत बी उगवलं नाही की त्या मोकळ्या जागी आपण पिशवीतलं रोप आणून लावतो, तेच की हे. तेव्हापासून राळेगावच्या बाजारात कोणी विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, पोरगी समुद्रात नांग्या भरते.

म्हणूनच तो घोळ झाला. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी तुझा फोटो आला. त्याच्याखाली तू काय लिहिलं होतंस कोण जाणे, नेटवर्कमुळे ते काही पोचलंच नाही, नुसता फोटो पोचला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पांढरंशुभ्र. आपल्याकडच्या माणसाला असं शिवार दिसलं तर दुसरं काय सुचणार? बाबा अंगणातच ओरडले, "फुटला! माह्या पोरीचा कापूस फुटला!" पेढे आणले, विहारात वंदना झाल्यावर वाटले, विमलताईंपासून सगळ्यांना फोन दाखवला. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी त्यांनी तुला फोन करून पीक आल्याबद्दल शाबासकी दिली आणि तू ढसाढसा रडलीस.

मग तू सांगितलंस. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातले रंगीत, बारीक जीव बाहेर टाकतं. तेच जीव त्याला जेवू घालतात, त्यामुळे ते पांढरंही पडतं आणि उपाशीही. किती तापलं, असं बाबांनी विचारलं तर तू म्हणालीस, एकतीसच्या वर. आपल्याकडे त्या दिवशी पंचेचाळीस होतं. एकतीस झालं की आपण कूलर बंद करतो, मैत्रेयी! बाबांना ते खरंच वाटेना. पण तू रडत रडत पुढे बोललीस ते त्यांनी नीट ऐकलं, मीही ऐकलं. पांढरं पडलं म्हणजे मेलं नाही, बाबा. वेळेवर गारव्यात नेलं तर रंग परत येतो. उशीर झाला तर नाही येत. म्हणून तुम्ही एकेक चौकट दोरीनं खोल, गार पाण्यात उतरवताय.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ पेढे खाल्लेल्या प्रत्येक घरी गेले. "ते पीक नाही, बिमार हाये ते," असं उंबऱ्यावर उभं राहून सांगून आले. लोक हसले. ते हसले नाहीत. त्यानंतर त्यांना कूलरसमोर बसवेना. पोरगी तिकडे उन्हातान्हात समुद्रात उतरते आणि मी इथे हवा खात बसू, असं म्हणत भरदुपारी धसकटं वेचायला शेतात जाऊ लागले. मी ओरडले, भांडले, जोडे लपवून ठेवले. जुन्या चपला घालून गेले.

अशाच एका दुपारी शेजारच्या शेतातल्या नागोरावांना ते धुऱ्यावर, बांधाच्या कडेला पडलेले सापडले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि तोंडानं काहीबाही बडबड. गाडी करून यवतमाळला आणलं. बर्फ लावला, ओल्या चादरी गुंडाळल्या, ताप उतरला. पण मूत्रपिंडांना मार बसलाय, हा आठवडा अवघड आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी इथे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. मध्ये एकदा शुद्धीवर आले तेव्हा माझा हात धरून त्यांनी शपथ घातली. "तिले सांगू नको. तिच्या चौकटी अर्ध्यावर हायेत. पोरगी आली तं मरतीन त्या." मी हो म्हणाले. आतापर्यंत पाळली.

आज मोडते आहे. तुझ्यासोबतची सुरभी जमतील तेवढ्या चौकटी उतरवेल. राहतील त्यांचं काय होईल, ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, आणि आज मला त्यांची काळजी करता येत नाही. बाबा शुद्धीवर आले की माझ्यावर चिडतील. चिडू देत, मला तेच हवंय. सकाळी आत जाऊन पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठसुद्धा. मी घाबरून बाहेर आले आणि तुझंच बोलणं कानात घुमायला लागलं. पांढरं पडलं म्हणजे मेलं नाही. मैत्रेयी, उशीर करू नकोस. शनिवारच्या जहाजानं नीघ.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई