मोंबासाचा शिक्का आणि साळुबाईच्या बांगड्या

मी, प्रयागबाई धोंडिभाऊ काळोखे, माहेरची बोऱ्हाडे, वय सत्तरच्या आतबाहेर, धंदा शिवणकाम, राहणार शिनोली, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून मीच ओवते, आणि हा कागद करण्यासाठी मला कोणी धमकावलेले किंवा गोड बोलून वळवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी.

१. शिनोलीतील दोन खणांचे घर मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिले. विसाव्या वर्षी विधवा होऊन मी माहेरी आले, त्यानंतरचा माझा संसार म्हणजे हेच घर. ते माझी भावजय साळुबाई हिला द्यावे. माझा धाकटा भाऊ कुशाबा याला मी हे तोंडी सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हंजे मी भाडेकरू." तसेच समजावे. पोस्टातली बचत माझ्या क्रियाकर्माला वापरून उरेल ती तिचीच.

२. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या व इस्त्री माझ्याकडे शिकलेल्या वृषालीला द्यावी. मशीनला आठवड्याला तेल लागते. ती विसरते, म्हणून येथे लिहिले.

३. पितळी हंडा चुलत भाऊ सावळाराम याला द्यावा. तो आपल्या आईचा आहे असे तो वर्षानुवर्षे सांगतो. तो तिचा नाही, पण आता वाद नको. त्याच्याविषयी दुसरी एक गोष्ट माझ्या मनात आहे, ती पुढच्या कलमात येईल.

४. पत्र्याच्या पेटीतील पाकिटे. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक रद्दी समजून देऊन टाकतील.

कुशाबा ‘शरवेग’ या लढाऊ जहाजावर नोकरीला होता. पत्र लिहायचा त्याला भारी कंटाळा. मी रागावले तेव्हा त्याने तोड काढली. प्रत्येक बंदरातून तो माझ्या नावाने एक रिकामे पाकीट टाकू लागला. डाव्या कोपऱ्यात जहाजाच्या कचेरीचा जांभळा गोल शिक्का, उजवीकडे तिकिटावर त्या बंदराच्या पोस्टाचा शिक्का, आत काही नाही. आमचा पोस्टमन भिका विचारायचा, "आक्का, तुमचा भाऊ सरकारला फशिवतोय का तुमाला?"

मला मात्र त्या रिकाम्या पाकिटांचा नाद लागला. सातवीपर्यंत शिकल्यामुळे इंग्रजी अक्षरे लावता येत होती. कोलंबोचा शिक्का ठसठशीत, पोर्ट लुईचा नेहमी अर्धवट. सिंगापूरच्या शिक्क्याशेजारी लाटांसारख्या रेघा होत्या. मला वाटले, जहाजावरून आले म्हणून चित्र काढले असेल.

पाकिटे साठली तेव्हा ती एका वहीत बांधून घ्यावीत म्हणून मी जुन्नरला उमर कागदी यांच्या दुकानात गेले. त्यांचे वाडवडील हातकागद करीत, हे स्वतः पुस्तके बांधतात. पाकिटे बघून त्यांनी खळीचे भांडे लांब सरकवले.

"बाई, याला खळ लावली तर मला पाप लागेल. लोक तिकिटं सोडवून घेतात आणि पाकीट चुलीत घालतात. तिकीट छापखान्यातलं, सगळ्यांसारखं. शिक्का मात्र या एकाच पाकिटाचा. कुठून निघालं, कधी निघालं, तो सांगतो."

त्या लाटांच्या रेघा तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून यंत्र मारते, हेही त्यांनीच सांगितले. जहाजाचा शिक्का आणि बंदराचा शिक्का निरनिराळा वाचायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचे भिंग माझ्याकडे आहे ते परत करावे.

१९९६ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, भिकाने एक पाकीट आणून दिले. जहाजाचा जांभळा शिक्का ओळखीचा, पण बंदराचे नाव मोंबासा. मी बुचकळ्यात पडले. या खेपेला एडनकडे जाऊन मुंबईला परत, असे कुशाबा सुटीत सांगून गेला होता. आफ्रिकेचे नाव त्याने काढले नव्हते. पत्त्याचे अक्षरही त्याचे नव्हते. इंग्रजी पत्त्याच्या वर देवनागरीत फक्त ‘पयागी’ लिहिले होते, आणि त्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नव्हती. दिवसभर काजे करताना मी ते समोर ठेवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळाराम मंचरहून मोटारसायकलवर आला. तिथल्या बटाट्याच्या आडतीवर मुंबईहून फोन आला होता. कुशाबाच्या जहाजावरचा सोबती बोलला, "पाच तारखेला आग लागली. कुशाबा गेला." पुढे फोन तुटला.

घर माणसांनी भरले. साळुबाई भिंतीला टेकून बसली होती, रडतसुद्धा नव्हती. सावळाराम म्हणाला, "उद्या रविवार. मुंबईत फोन कोण उचलणार? व्हायचं ते झालं. बायांनो, आवरा." दोघीतिघींनी साळुबाईचा हात धरला. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मला कोणी काही विचारले नव्हते. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

मी पाकीट घेऊन मधे उभी राहिले. "थांबा. आग पाचला लागली ना? हा शिक्का नऊ तारखेचा हाय."

"आक्का, दुसऱ्या कुणी टाकलं असंल मागाहून. अक्षरबी त्याचं न्हाई. शिक्का बघून माणूस जिता व्हतो व्हय?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी पुन्हा पाकिटाकडे पाहिले. डोक्यावर रेघ नसलेले माझे नाव मी दर महिन्याला बघत होते, मंचरच्या गुजराती कापडवाल्याच्या बिलावर.

"हे लिहिणारं माणूस गुजराती हाय," मी म्हणाले. "जहाज तर मुंबईला आलं, सोबत्याचा फोन तिथूनच आला. मोंबासाला गेलंच न्हाई. म्हंजे हे तिथल्याच कुणीतरी लिवलंय. त्याला ‘पयागी’ कुणी सांगितलं? कागदोपत्री मी प्रयागबाई. तुमी समदे आक्का म्हणता. पयागी म्हणणारा एकच हाय, लहानपणी त्याला माझं नाव येत नव्हतं म्हणून. आगीनंतर तो मोंबासात व्हता, आन् बोलत व्हता."

साळुबाईने आपला हात सोडवून घेतला. "आक्का म्हंत्यात तसंच हाय. माझ्या बांगड्यांना कुणी हात लावायचा न्हाई."

रविवार कसा गेला ते लिहीत नाही. माझे चुकले असते तर तिला दोनदा मारल्यासारखे झाले असते. सोमवारी घोडेगावहून मुंबईला जहाजाच्या कचेरीत फोन लागला. कुशाबा जिवंत होता. त्याचे हात भाजले होते, आणि जवळून जाणाऱ्या मालवाहू बोटीने त्याला मोंबासाच्या इस्पितळात पोचवले होते. सोबत्याचे ‘गेला’ म्हणजे त्या बोटीवर गेला. कचेरीने घरच्यांना केलेली तार कुशाबाच्या मुंबईतल्या जुन्या खोलीवर गेली होती. पत्ता बदलून द्यायचे त्याने आळसाने ठेवले होते.

एप्रिलमध्ये तो घरी आला. मी आधी जेवलास का विचारले, आणि मग पत्ता कोणी लिहिला ते.

"एक गुजराती म्हातारी यायची, आजाऱ्यांना पपई घेऊन. मोडकंतोडकं हिंदी बोलायची. माझ्या पिशवीत शिक्का मारलेलं पाकीट व्हतं. म्हटलं, एवढं टाका. तिनं विचारलं, कुणाच्या नावानं? मी म्हटलं, पयागी."

"तिचं नाव काय?"

"विचारायचं राहिलं."

मी त्या इस्पितळाला इंग्रजीत पत्रे पाठवली. उमरभाईंची मुलगी रूही लिहून द्यायची. एक उत्तर आले, की अशा पुष्कळ बाया येतात.

‘शरवेग’ २००१ साली मोडीत निघाले. कुशाबा निरोपाला गेला आणि शेवटचा शिक्का त्याने स्वतःच्या हाताने मारून आणला. बोटे वळत नाहीत, म्हणून तो वाकडा उमटला आहे. उमरभाई म्हणतात, संग्राहक अशा पाकिटाला नाक मुरडतील. मुरडू द्या.

सबब, सर्व पाकिटे रूहीला द्यावीत. तिकिटे सोडवू नयेत, ऊन लागू देऊ नये. मोंबासाचे पाकीट मात्र साळुबाईकडे राहील. त्यामुळे संग्रहात खिंडार पडते, असे उमरभाई दहा वर्षे भांडत आहेत. तिच्या पश्चात तेही रूहीकडे जावे, तोपर्यंत त्यांनी दम धरावा. सावळारामने त्या दिवशी घाई केली, याचा राग मी हा कागद लिहून संपवते.

५. पेटीच्या तळाशी एक नवी गोधडी आहे. ती त्या मोंबासाच्या बाईसाठी शिवली आहे. ती आता नसली तर तिच्या घरच्या कोणाला चालेल. रूहीने शोध सोडू नये. वय लहान आहे, उत्सुकता आहे, आणि आता संगणकावर पुष्कळ कळते म्हणतात. पत्ता लागला की पार्सल करावे. पाठवणाऱ्याचे नाव पयागी लिहावे, म्हणजे तिला कळेल. आणि शिक्का नीट उमटेल एवढी जागा कोरी सोडावी.

हा कागद मला वाचून दाखवला, बरोबर आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही केली.

प्रयागबाई धोंडिभाऊ काळोखे (सही)

साक्षीदार
१. भिका रामजी लोहकरे, निवृत्त पोस्टमन, शिनोली (सही)
२. झुंबरबाई नामदेव बोऱ्हाडे, शेजारीण, शिनोली (सही)

स्थळ : शिनोली
दिनांक : १२ नोव्हेंबर २००६