शुक्रवारची बॅच

सर, कराटे खऱ्या मारामारीत चालतं का, हा प्रश्न मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. बाई ब्लॅक बेल्ट आहेत हे कुठून तरी कळतं, आणि मग ऑफिसात डबे उघडले की एखादा सुरू होतो. "मॅडम, खरं सांगा, चार गुंड आले तर तुमचं ते हा-हू चालतं का?" बाकीचे हसतात. मीही हसते, "आधी पळायचं असतं" असं काहीतरी बोलते आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवते. खरं उत्तर मला माहीत आहे, पण ते जेवता जेवता सांगण्यासारखं नाही. ते तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या पोरांची पोरं कॉलेजात जायला लागली. तरी आज लिहायला बसले आहे. तुमच्यावरचा माझा राग अजून ताजाच आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तुळिंजला तेव्हा बिल्डिंगा भराभर उठत होत्या. पाणी टँकरचं, रस्त्यावर दिवे नावालाच. बाबा मुंबईहून यायचे तोवर नऊ वाजून जायचे, आणि माझा क्लास सुटायचा आठला, म्हणून आई रोज नाक्यावर मला घ्यायला यायची. तिनेच मला आठवीत तुमच्याकडे आणलं. शाळेमागची ती पत्र्याची शेड, फरशीवर अंथरलेली जुनी ताडपत्री, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचे बांबू. तुम्ही दिवसभर सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि संध्याकाळी आमचे सर. "अहो सर, हिला लागणार-बिगणार नाही ना?" आईने विचारलं. "वहिनी, लागायचं कसं नाही तेच तर शिकवतो," तुम्ही म्हणालात, आणि आईला ते एवढं आवडलं की रात्री बाबांना तिने ते दोनदा सांगितलं. मला वाटलं तुम्ही विनोद केलात. तुम्ही अगदी खरं बोलत होतात, हे कळायला मला पुढे फार महागात पडलं.

तुमच्या वर्गात एकच नियम होता, एक बोट. कौल फोडायचं तर हात थांबवायचा नाही, माणसावर मारायचं तर नाकाच्या अलीकडे एक बोट थांबवायचा. जोड्या लावून तुम्ही आम्हाला समोरासमोर उभं करायचात आणि हात निघाला की जवळ येऊन, मूठ आणि नाक यांच्यामध्ये आपलं बोट घालून बघायचात. एक बोट आत गेलं पाहिजे, दुसरं मावता कामा नये. त्याला तुम्ही कंट्रोल म्हणायचात. पोरं कंटाळायची, मी नाही. मी घरी आरशासमोर, कपाटासमोर, झोपलेल्या धाकट्या भावासमोर सराव करायचे. तुम्ही कुणाचं फारसं कौतुक करायचा नाहीत, पण माझ्या मुठीपुढे बोट घातलं की हलकेच "हं" म्हणायचात. त्या एका "हं"साठी मी काय काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही.

आणि तो दिवस. मी दहावीत आहे, समोर माझ्याच वर्गातला तो उंच मुलगा आहे, जो कायम माझ्याकडे बघून दात काढतो. मी हात सोडते आणि त्या दिवशी हात थांबत नाही. त्याचा ओठ फुटतो. पांढऱ्या कपड्यावर रक्त पडतं, आणि खरं सांगायचं तर ते बघून मला आतून गार गार वाटतं. तुम्ही शिट्टी फुंकता. एरवी तुमची भाषा पुस्तकी असायची, पण रागावलात की तुमचं मिठागराकाठचं गाव तोंडातून बाहेर यायचं. "पानी पी, नि जा घरी," तुम्ही म्हणता, सगळ्यांसमोर. "हात ताब्यात नाय तर तू शिकलेली नाय, गल्लीतली गुंड आहेस तू." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्या मुलाची माफी मागायला लावलीत. मी मागितली. आणि त्यानंतर माझा हात कधीच कुणाला लागला नाही, याचा मला अनेक वर्षं अभिमान होता.

ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा तुम्ही स्वतःचा जुना बेल्ट घेऊन आमच्या घरी आलात. कडेने विरलेला, तुमच्या कमरेच्या मापाचा. मला तो इतका लांब झाला की टोकं गुडघ्याखाली लोंबायला लागली. आईने कात्री आणली आणि माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत दोन्ही टोकं कापून, दुमडून टीपसुद्धा घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र खो खो हसलात, पोहे मागून घेतलेत, आणि जाताना चपला घालता घालता म्हणालात, "वहिनी, आता हिची काळजी सोडा. कुणीही, कुठूनही, कधीही येऊ दे. ही तयार आहे." आईने ते शब्दशः घेतलं, सर. दुसऱ्या दिवसापासून ती नाक्यावर उभी राहायची बंद झाली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा संध्याकाळी निवांत बसून चहा पिताना बघितलं.

बारावीनंतर मी सातिवलीलाच एका गाळ्यात लागले, बाटल्यांची झाकणं तपासायच्या कामावर. त्या पट्ट्यात विजेच्या नियमामुळे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची, रविवारी मात्र सगळं धडधडत चालू. माझ्या टेबलावर एक मुलगी होती, सांगलीकडची, मामाकडे राहून काम करणारी. दोन-तीन महिने शेजारच्या गाळ्यातला एक माणूस तिच्या मागे लागला होता. शिफ्ट सुटली की टपरीपाशी उभा, रिक्षापर्यंत मागे मागे. ती मामाला सांगायला घाबरत होती, सांगितलं तर काम सुटणार. तिने वळसा घालून मागच्या रस्त्याने जायचं ठरवलं होतं. मीच म्हटलं, "कशाला वळसा? चल, मी आहे ना." ती म्हणाली, "तुला येतं ना गं खरंच?" मी म्हटलं, "अगं, ब्लॅक बेल्ट काय गणपतीत वाटतात का?" तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही सरळ रस्त्याने निघालो.

उन्हाची वेळ, टपरीवर माणसं. त्याने तिची ओढणी धरली. मी मध्ये आले, पाय बरोबर पडले, आवाज बरोबर निघाला, आणि हात असा गेला की तुम्ही असता तर "हं" म्हणाला असतात. त्या माणसाने डोळे मिटले. घाबरून, गच्च मिटले. आणि माझी मूठ त्याच्या नाकाच्या अलीकडे एक बोट थांबली. मी थांबवली नाही सर, ती थांबली. मी मनात "मार, मार" ओरडत होते आणि हात माझं ऐकत नव्हता, तुमचं ऐकत होता. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग हसला. "अरे, मारो ना मॅडम, रुक क्यों गयी?" टपरीवरचे दोघं-तिघंही हसले. मग त्याने माझ्या कानाखाली दिली. आयुष्यात मला चेहऱ्यावर बसलेली ती पहिली चपराक. घरी कुणी हात लावला नव्हता आणि तुमच्या वर्गात लागू द्यायचंच नसायचं. कान सुन्न झाला, डोळ्यांसमोर पांढरं, आणि मी काय करत होते सांगू? मी तुमच्या शिट्टीची वाट बघत उभी होते. नियम मोडलाय, आता कुणीतरी थांबवेल, असं वाटून चक्क उभी होते. तोवर त्याने तिला ढकललं. ती गटारावरच्या लादीवर हात टेकून पडली आणि मनगट मोडलं. मग लोक धावले, तो निघून गेला. दवाखान्यात प्लास्टर घालताना ती रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू मारलंच नाहीस गं." मी घाबरले असं तिला वाटलं. तिला काय समजावणार होते, नाक आणि मूठ आणि बोट? आठवड्याभरात मामाने तिला गावी पाठवून दिलं, आणि पुन्हा आमची भेट झाली नाही.

मी तुमच्याकडे आले. आठवतं का? काकू गॅसपाशी होत्या, मासळी तळत होत्या, आणि तुम्ही स्टुलावर बसून कांदा चिरत होतात. मी सगळं सांगितलं, हात थांबला इथपर्यंत आल्यावर मला रडू फुटलं. काकूंनी गॅस बारीक केला. तुम्ही मात्र मान वर केली नाहीत. कांदा चिरतच म्हणालात, "सराव सुटलाय तुझा. सकाळचा काता वाढव." बस, एवढंच. काता म्हणजे हवेत, एकटीने, समोर कुणी नसताना करायचे ते ठरलेले हात-पाय. मी विश्वास ठेवला. दोष माझाच आहे असं मानून पुढची कितीतरी वर्षं पहाटे उठून काता केला. लग्न झालं तरी केला, नवऱ्याला वाटायचं बायकोला अंगात येतं. त्या स्वयंपाकघरात तुम्ही एक वाक्य वेगळं बोलला असतात तर ती सगळी वर्षं माझी झाली असती.

मग तुम्ही गेलात. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती, तुमच्या फोटोला हार, बाहेर चहा. ओठ फुटलेला तो उंच मुलगा भेटला, आता पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप. त्याच्याभोवती चार-पाच जण हसत होते. कुणाचा दात पडला होता, कुणाचं नाक वाकडं राहिलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट "शुक्रवारी" या शब्दाने सुरू होत होती. मी विचारलं, "शुक्रवारी काय असायचं?" तो चहाचा घोट घेता घेता थांबला. "तुला माहीत नव्हतं?" मग त्याने सांगितलं. सुट्टीच्या दिवशी तुमच्या कारखान्याचं गोडाऊन रिकामं असायचं. तिथे तुम्ही वर्षानुवर्षं निवडक पोरांना बोलवायचात. तिथे एक बोट नव्हतं. तिथे मारायचं आणि खायचं. "तू माझा ओठ फोडलास ना, त्याच्या पुढच्याच शुक्रवारी सरांनी मला बोलावलं," तो म्हणाला. "म्हणाले, तुला मार खायची सवय नाही, ये." मी विचारलं, त्याचा कधी उपयोग झाला का? तो खूप प्रामाणिकपणे बोलला. "एकदा स्टेशनबाहेर तिघांनी धरलेलं. हरलोच यार. पण पहिला फटका बसल्यावर गोंधळलो नाही. माहीत होतं, लागतं म्हणजे काय. एकाला ढकलून सुटलो नि पळालो." बघा, माझ्या ऑफिसातल्या लोकांना हवं असलेलं उत्तर हेच आहे. जे शिकवाल ते अंग करतं. त्याला तुम्ही मार सोसून निसटायला शिकवलंत, तो निसटला. मला थांबायला शिकवलंत, मी थांबले.

मी त्याला विचारलं, मला का नाही बोलावलं? त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी विचारलं होतं एकदा. सर म्हणाले, मुलीचं नाक आहे, उद्या तिच्या आईला काय तोंड दाखवू? आणि तिला गरज काय, ती कुठे मारामारी करायला जाणार आहे?" त्याच आईला, सर, तुम्ही चपला घालताना सांगितलं होतंत की ही तयार आहे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने. तेवढ्यात माइकवरून कुणीतरी मला बोलावलं, सरांच्या हाताखालची पहिली ब्लॅक बेल्ट मुलगी म्हणून. मी उभी राहिले, तुमच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरांनी मला हात आवरायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. तो उंच मुलगा खाली बघत होता.

मी तुम्हाला वाईट माणूस म्हणणार नाही. तुम्हाला माझी काळजी होती, हे मला कळतं, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. शत्रूने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. तुम्हाला मी सर म्हणते, अजून लिहिताना सर असंच लिहिते आहे. तुम्ही मला खेळणं दिलंत आणि हत्यार दिलं असं सांगितलंत. मला नुसतं खेळणंच देतो म्हणाला असतात तरी चाललं असतं, मी आनंदाने खेळले असते, आणि त्या मुलीला मागच्या रस्त्याने घेऊन गेले असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या घरी पाठवलं तर काकू वाचतील, आणि त्यांचा यात काही दोष नाही. फक्त एक कबूल करते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझा राग त्या मुलीच्या मनगटासाठी आहे. तो आहेच. पण त्याच्या खाली दुसरा एक आहे, अगदी पोरकट, आणि तोच जात नाही. तो उंच मुलगा माझ्यापेक्षा चांगला नव्हता, सर. तुम्हालाही ते माहीत होतं. गाळ्यावर लागल्यापासून मलाही शुक्रवारचीच सुट्टी असायची. मी घरीच असायचे.