नकार देणारं बोट

नितेशदादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचलंस तर मला समजवायला येशील, आणि ते मला आता सहन होणार नाही.

दिवाळीत तू माझ्या मेलवर ते सॉफ्टवेअर बसवलंस. "लॉटरीच्या, कर्जाच्या फालतू मेल बंद. परवानगी दिलेल्याचीच मेल येणार गं," म्हणालास. मी खूश झाले. नवीन कुणाची मेल आली की 'घ्यायची की नाकारायची' असं विचारणारे निरोप तू स्वतःच्या फोनवर वळवलेस, हे मात्र बोलला नाहीस.

रसायनीच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखत दिली आणि दीड महिना उत्तराची वाट पाहिली. काल न राहवून तिथे गेले. नोकरभरतीच्या मॅडमनी कॉम्प्युटरच माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझ्या पत्त्यावरून गेलेलं उत्तर होतं: 'मेल नाकारली आहे.' "आम्ही निवड कळवली होती. तुमच्याकडूनच नकार आला." जागा दुसरीला गेली होती.

तुला फोन केला, तर तू शांतपणे म्हणालास, "दिवसपाळी-रातपाळीचं काम हाय ते. कुंभिवलीचे पाहुणे लग्नाला नाय म्हनतील. तुझ्या भल्यासाठीच केलं."

शिक्षण माझं, मुलाखत माझी आणि नकार देणारं बोट तुझं! त्या पाहुण्यांच्या मेलला मात्र मला न विचारता परवानगी दिलीस.

मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, पासवर्ड बदलला. कर्जाच्या मेल पुन्हा येतायत. येऊ देत. मग कुंभिवलीला फोन लावून स्थळाला मीच नकार दिला.

आई घाबरून म्हणाली, "दादाला इचारलंस का गं?"

मी म्हटलं, "नाय."

प्रणाली