माझ्या पाटीपुढे धूप कोणी लावावा

मी गान ची होक, वय अडुसष्ट, मिरीचा व्यापारी, गान आणि कंपनीचा मालक (इथल्या बोलीत तावके), अकरा वर्षे सिंगापूरच्या कायदेमंडळाचा सभासद, राहणार तेलोक आयर रस्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कारकुनाला सांगितले असते, पण त्याचे कान माझे आणि तोंड बाजाराचे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला तिसऱ्या डॉक्टरकडून घेतला, कारण पहिल्या दोघांचे फार पटकन एकमत झाले.

एक. मिरी पाण्यात टाकून पारखायचा माझा वाडगा गोदामाच्या मुकादमाला द्यावा. त्याने तो विकू नये. बुडाला माझे नाव कोरले आहे.

दोन. कायदेमंडळात घालायचा काळा कोट माझ्याबरोबर पुरावा. माझ्या जागेवर टपलेल्या गृहस्थांच्या अंगाला तो नेमका बसतो.

तीन. पेढी, तिचा शिक्का आणि राहते घर. इथे कबुली द्यावी लागते. मला मुलगा नाही. म्हणून मुलगी गेक निओ हिच्यासाठी याप बून सेंग हा घरजावई आणला. बोली अशी होती की त्यांचा दुसरा मुलगा गान आडनाव लावील आणि आमच्या पितरांचे करील. तो दुसरा मुलगा झाला, त्याचे नाव पेंग. त्याच वर्षी सरकार नव्या गोदीसाठी कोणती जमीन घेणार हे आम्हा चार सभासदांना गुप्तपणे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी ती जमीन दुसऱ्याच एका पेढीने विकत घेतली. मंडळात सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी बून सेंगकडे. माझे कागद तोच लावी. त्याला बायकामुलांसकट घराबाहेर काढले. "बाबा, एकदा विचारा तरी," एवढेच तो म्हणाला. मी विचारले नाही.

सहा वर्षांनी, गेल्या महिन्यात, स्वयंपाकीण आ हियांग नोकरी सोडताना म्हणाली, "तावके, जावयांना उगाच घालवलंत. गोदीचं तुम्हीच सांगितलं होतंत."

"कोणाला?"

"तुमच्या वडिलांना. देवघरात, पाटीपुढे. अहो, केवढ्यानं! चुलीपाशी मला ऐकू आलं. मी भावाला बोलले, तो जमीन घेणाऱ्या त्या पेढीत वजनं करतो."

घरातली प्रत्येक मोठी गोष्ट मेलेल्या वडिलांच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे सांगायची, ही आमची रीत. मला कमी ऐकू येते हे मला ठाऊक होते. मी ओरडतो हे कोणी सांगितले नाही. मला लाज वाटते. म्हणून या कलमातील सर्व बून सेंग व गेक निओ यांस द्यावे. ते आले नाहीत तर मेल्यावर माझ्यापुढे भाताची वाटी ठेवायला कोणी नाही, आणि या वयात मला भीती आहे ती तेवढीच.

चार. हे कलम आत्ता, वकील हेंड्रिक्स यांच्या समोर, लिहितो आहे. बून सेंगला बोलावून वरचे वाचायला दिले. वाचून त्याने लेखणी मागितली; म्हणाला, दुसरा साक्षीदार मी. वकिलांनी बजावले, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच सही करतो."

हे बोलणे वकिलांनी मला कागदावर लिहून दाखवले. मी विचारले, "मग माझं कोण करणार?"

तो कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "पेंग करील, बाबा. शाळेत त्याचं नाव गान पेंगच आहे, पहिल्या दिवसापासून. धूप लावायला पेढी लागत नाही."

तेव्हा तिसऱ्या कलमातील सर्व आता नातू गान पेंग यास. तो सज्ञान होईपर्यंत वकिलांनी सांभाळावे, आणि वकिलांवर बँकेने नजर ठेवावी. बून सेंगच्या बोलण्यात काही डाव आहे का, हे मी पुष्कळ शोधले. सापडला नाही.

सही: गान ची होक

साक्षीदार:
१. जे. हेंड्रिक्स, वकील
२. याप बून सेंग, जावई

सिंगापूर, १६ मार्च १९०९