गेले नाही

१९ ऑगस्ट
व्हिसा नाकारला. पाकीट कुरियरनं आलं. आत पासपोर्ट आणि एक कागद. कारण: शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा हेतू पटत नाही.
पप्पांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला. आई म्हणाली, "जेवून घ्या."
जेवलो.

२० ऑगस्ट
चौकातला फ्लेक्स. प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात मामांनी मंगळवेढ्याहून छापून आणला. माझा एम.ए.च्या वेळचा फोटो, मागे विमान. 'कु. मंजिरी उच्च शिक्षणासाठी युरोपला रवाना.' देशाचं नाव नाही. मामा म्हणाले होते, "एवढासा देश. लिवला तरी कुणाला कळायचं न्हाय. युरोप लई शोभतंय." खाली मामा, त्यांची दोन मुलं आणि मी कधी न पाहिलेले चार शुभेच्छुक.
रवाना. व्हिसाच्या आधीच.
सोसायटीनं सत्कारही केला होता. नारळ खाऊन झाला. शाल कपाटात.

२३ ऑगस्ट
अपील केलं. पासपोर्ट पुन्हा पाठवला. विद्यापीठाची मेल: सप्टेंबरअखेरपर्यंत ऑनलाइन बसा, तोवर पोहोचला नाहीत तर जागा जाईल.
पप्पा: "इतक्यात कुणाला सांगायचं नाही."

१ सप्टेंबर
समोरच्या काकूंनी जिन्यात आईला गाठलं. "पोहोचली का हो मंजिरी?"
"पोहोचली," आई म्हणाली.
मी दाराच्या आत उभी होते. आईनं आत येऊन भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

४ सप्टेंबर
तास साडेबाराला. तिथे सकाळचे दहा. मागची खोली, खिडकी बंद, कॅमेराही बंद. वर्गात अकराजण, मी बारावी. विषय लोककथा. आज: गोष्टीत घर सोडून जाणारा. टिपणं घेतली. मधेच कुकरची शिट्टी. सर थांबले, विचारलं, हा आवाज कसला. सांगितलं.
मी सोलापुरात आहे हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. इथे कुणाला नाही.

९ सप्टेंबर
बाहेर पडायचं तर स्कार्फ. इथे गाडीवरच्या सगळ्याच मुली डोळे सोडून सगळं बांधून घेतात. कुणी वळून बघत नाही.
फ्लेक्सखाली थांबले. एक कोपरा सुटलाय. माझ्या हनुवटीवर कुणीतरी गणिताच्या क्लासची जाहिरात चिकटवली आहे.

१४ सप्टेंबर
मामांचा फोन. स्पीकरवर.
"थंडी लई आसंल की तितं?"
"आहे म्हणते," आई.
"आन् खाती काय पोरगी?"
"कडक भाकऱ्या दिल्यात बरोबर. शेंगाचटणी."
"मग काळजी न्हाय. म्हैनाभर खराब व्हत न्हाईत त्या."
भाकऱ्या डब्यात आहेत. रोज एक खाते.

२२ सप्टेंबर
अपिलाचं काही नाही. कालही नाही.

२५ सप्टेंबर
कुरियरवाला आला. मी तासाला, कानात हेडफोन. आईनं दार उघडलं. त्यानं पाकिटावरचं माझं नाव वाचलं.
आई म्हणाली, "ती इथे नसते. युरोपला असते."
"व्हय की, फ्लेक्स बघितलाय. मग परत पाठवतो. त्यांच्याच हातात द्यायचं असतंय हे."
आईनं दार लावलं. तास संपल्यावर मला सांगितलं, शब्दन् शब्द. "तोंडातून गेलं गं. सवय झालीये."
पप्पा चपला न घालता फाटकापर्यंत गेले. परत आले. कुरियर ऑफिसला फोन केला, कुणी उचलला नाही.

२६ सप्टेंबर
ऑफिस अकराला उघडतं. त्याआधीच जाऊन उभी राहिले. काउंटरला एक माणूस, बोलण्यावरून कालचाच. पाकीट दुपारच्या गाडीनं पुण्याला परत जाणार होतं. आधार कार्ड दिलं.
"स्कार्फ काढा, मॅडम."
काढला. त्यानं कार्ड बघितलं, मला बघितलं.
"अहो, तुम्ही तर गेलाय की!"
"गेले नाही."
हे मोठ्यानं पहिल्यांदाच. मागे रांगेत तिघं.
"मग विमानात कोण बसलंय?" त्याला हसू आवरेना. मागचेही हसले.
"सही कुठे करायची?"
पाकीट मागच्यासारखंच. तेवढंच पातळ. बाहेरून काही कळत नाही. डिकीत ठेवलं. स्कार्फही त्याच्यावर ठेवला.
चौकात समोरच्या काकू भाजी घेत होत्या. "अगं! कधी आलीस?"
गाडी बाजूला घेतली, बंद केली. सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. काकूंनी एकदा वर फ्लेक्सकडे बघितलं. मग माझ्या हातात चार पेरू दिले.
पेरू ओट्यावर. पाकीट टेबलावर. पप्पा म्हणाले, "उघड." आई दारात उभी.
साडेबारा वाजले होते. म्हटलं, तास झाल्यावर.
मागच्या खोलीत गेले. खिडकी उघडली. मग कॅमेरा चालू केला.