मधली खाच

शनिवार, ९ जानेवारी १९८८. डिचोली

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. दोन बस, आणि दोन्हींत बसायला जागा मिळाली! गोकुळदासबाबांचं घर बाजाराच्या वर, चढावर आहे. मला माडीवरची खोली दिली आहे. खिडकीशी फणस. गजांवर खनिजाची तांबडी धूळ बसते, ती रोज पुसावी लागेल. बाकी सगळं छान.

कामही सोपं. गोकुळदासबाब खाणीवर विजेचे इंजिनियर होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या गाण्यांच्या बाराशे तबकड्यांची यादी करायची, आणि सात रविवार दुपारी त्यांच्या मित्रमंडळाच्या परीक्षेला हजर राहायचं. शिमग्याच्या आधी मी घरी.

त्यांच्या पत्नी सुमंगलावहिनी बोलत नाहीत. घशाच्या दुखण्यात आवाज गेला, असं बाब म्हणाले. हातभर काचेच्या बांगड्या आहेत, तरी त्या मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. इतकं हलकं चालणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझी पिशवी उचलून परत दाराशी नेऊन ठेवली. खोली बदलायची असेल असं वाटलं, पण बाबांनी ती पुन्हा वर पाठवली.

अण्णांना पत्र टाकलं. शेजारचे शिवदासकाका वाचून दाखवतील. काचबिंदूने डोळे गेल्यापासून अण्णांना मी म्हणजे माझा आवाज. रोजचा पेपर मीच वाचायची. चौथीपर्यंत घरीच, ओसरीवर बसवून त्यांनी मला शिकवलं. पाहिलं तेवढंच लिहायचं, न पाहिलेलं एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. निघताना त्यांनी तोच पुन्हा सांगितला.

रविवार, १० जानेवारी

पहिली परीक्षा झाली. नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

तबकडीवरच्या सुईतून निघणारा आवाज फार बारीक असतो. तो मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याआधी एका पेटीत सांभाळून वाढवावा लागतो. ती पेटी म्हणजे प्रीअँप्लिफायर. इथे सगळे नुसतं ‘प्री’ म्हणतात. गोकुळदासबाबांनी व्हॉल्व्हचा बनवला आहे, आणि औषधांच्या दुकानाचे मालक जयरामबाब यांनी ट्रान्झिस्टरचा. कोणाचा चांगला, यावर अकरा वर्षं भांडण चालू आहे. गोकुळदासबाबांचं म्हणणं, व्हॉल्व्हमधून गाणारी बाई समोर येऊन बसते. जयरामबाब म्हणाले, “बसता खरी, पण घोंगडी पांघरून.” तिसरे सगुणबाब रेडिओ दुरुस्त करतात. दोन्ही पेट्या त्यांच्याच हाताखालून गेल्यामुळे ते दोघांनाही हसतात.

परीक्षा रविवारीच, दुपारी तीनला. त्या दिवशी खाण बंद, म्हणून विजेचा दाब स्थिर. तिघे हॉलमध्ये, मी पडद्यामागे. माझ्यासमोर एक खटका. डाव्या खाचेत व्हॉल्व्ह, उजव्या खाचेत ट्रान्झिस्टर. मधल्या खाचेत काहीच नाही, तारच जोडलेली नाही. एकूण चार फेऱ्या. क्रम माझ्या मर्जीचा, पण एक फेरी मधल्या खाचेची हवीच. हा नियम जयरामबाबांचा. गप्पपणाला जो गुण देईल, त्याचे कान खोटे. तिघांचे गुणांचे कागद मी वहीत उतरवायचे, आणि वही सातव्या रविवारी उघडायची. तोवर एक शब्द बोलायचा नाही. मी देवापुढे शपथ घेतली.

संध्याकाळी कागद उतरवले. मधल्या खाचेला तिघांनीही दहापैकी नऊ गुण दिले आहेत.

माझीच चूक असणार. पहिल्याच दिवशी.

रविवार, १७ जानेवारी

आठवडाभर खटका तपासला. टक्, टक्, टक्. मधल्या खाचेत खरंच काही नाही. आज फिरवताना प्रत्येक वेळी बोटाने चाचपलं. दुसरी फेरी मधली. मी पडद्यामागे होते, मला काही ऐकू आलं नाही.

कागद असे. गोकुळदासबाब: “बाईमाणसाचा आवाज, लांब, पण स्वच्छ. दहा.” जयरामबाब: “घरघर शून्य. आवाजाभोवतीची हवासुद्धा कळते. दहा.” सगुणबाब: “गाणं नव्हे. पाठांतर?”

नंतर चहाला तासभर वाद. दुसरी फेरी आपलीच, असं दोघेही छातीवर हात मारून सांगत होते. कपॅसिटर, सोल्डर, ट्रान्सफॉर्मरचं तोंड कुठल्या दिशेला. मी तीनदा तोंड उघडलं, शपथ आठवली, मिटलं. गोकुळदासबाब म्हणाले, “बाय, मोठ्यान उलय गो. पुटपुटतेस काय?” मी पुटपुटले नव्हते. मी नेहमीच्याच आवाजात चहा देऊ का विचारलं होतं.

रविवार, २४ जानेवारी

सगुणबाबांच्या कागदावर आज पूर्ण ओळ आहे: “लहान मुलगी औटकी म्हणते. सतराला अडखळते, दम घेते, मग पुढे.”

साडेतीनचा पाढा. सतरा औटं साडेएकोणसाठ. मी तिथेच अडखळायची, दर वेळी, आणि अण्णा जमिनीवर दोनदा बोट आपटायचे. हे मी या घरात कोणाला सांगितलेलं नाही.

जयरामबाबांनी खाली लिहिलं आहे: “मागच्या वेळेपेक्षा जवळ.”

रविवार, ३१ जानेवारी

आज मधली खाच लावलीच नाही. तीनच फेऱ्या केल्या आणि वहीत तसं लिहिलं. नियम मोडला तर मोडला.

तिघांच्या कागदांवर चार फेऱ्या आहेत. चौथीला पैकीच्या पैकी.

जयरामबाबांना जिन्यात गाठलं. सगळं सांगायला लागले. ते कानामागे हात धरून वाकले, मग हसले. सर्दी झाली काय गो तुला, म्हणाले, दुकानातून गोळ्या पाठवतो. आणि परीक्षेचं काही असेल तर सातव्या रविवारी. इतके तिखट कान असलेले तीन पुरुष, तबकडीवरचा धुळीचा कण त्यांना ऐकू येतो, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बोलते ते

असो.

मंगळवार, २ फेब्रुवारी

सकाळी पदेर पावाची टोपली घेऊन सायकलवरून भोंगा वाजवत आला. वहिनींना उंडे हवे होते. मी फाटकात उभी राहून हाक मारली. पुन्हा मारली. तो माझ्यासमोरून निघून गेला.

जिना चढले. पावलं वाजली नाहीत.

स्वयंपाकघरात वहिनींनी परातीत तांदळाचं पीठ पसरलं आणि बोटाने लिहिलं: “त्या पडद्यामागे मी तीन वर्षं बसले. मग खटका काढून ठेवला होता.” मग पुसून लिहिलं: “तू जा.”

रविवार, ७ फेब्रुवारी

शपथ मोडली. परीक्षेआधी वही उघडून तिघांसमोर धरली. मधल्या खाचेच्या प्रत्येक फेरीवर लाल खूण करून. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: तो आवाज माझा आहे. माझा मला परत द्या.

तिघांनी वाचलं. मग गोकुळदासबाबांचे डोळे पाण्याने भरले. माझ्यासाठी नव्हे! म्हणाले, “जयरामा, म्हणजे मधे काही नसणं हाच उत्तम प्री!” जयरामबाबांनी त्यांना मिठी मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत. दोन्ही पेट्या आता कपाटात. पुढच्या रविवारी पूर्ण दुपार मधलीच खाच. सगुणबाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तारा गुंडाळायला घेतल्या.

मी टेबलावर मूठ आपटली. मूठ दुखली. आवाज

सोमवार, ८ फेब्रुवारी

पिशवी भरली. बाजारातून पेडण्याला फोन लावला. शिवदासकाकांच्या दुकानात आहे फोन, त्यांनी अण्णांना बोलावून आणलं.

अण्णा म्हणाले, कोण? — मी ओरडले. — कोण बोलतंय? — मी ओरडत होते, दुकानातलं कोणी मान वर करून पाहिलं नाही. — पार्वती? तू आहेस? बोल की गो काहीतरी. — मग काकांना म्हणाले, कोणीच नाही रे. ठेवला.

अशी घरी जाऊन काय करू. त्यांच्या शेजारी बसले तरी त्यांना मी कळणार नाही.

परत आले. पिशवी वर.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

विचार केला. सतराला ती अडखळते. दम घेते. तेवढा वेळ आवाज त्या खाचेत नसतो. नेमका तेव्हा खटका फिरवला तर — तर तो इकडे, माझ्याकडे — खात्री नाही. पण दुसरं काही सुचत नाही. वहिनींना लिहून दाखवलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. नाही म्हणाल्या नाहीत.

रविवार, १४ फेब्रुवारी

पडद्यामागे. तीन वाजून पाच. खटका मधे. बोट खटक्यावर, दुसऱ्या हाताने लिहिते आहे.

आज मलाही ऐकू येतं. पहिल्यांदाच. एक औटं साडेतीन, दोन औटं सात. किती छान म्हणते. माझ्यापेक्षा —

हॉलमध्ये कोणी हलत नाही.

चौदा औटं एकोणपन्नास. पंधरा. सोळा औटं छप्पन. आता —

सतरा औटं साडेएकोणसाठ.

अडखळली नाही.

अठरा औटं त्रेसष्ट — दम नाही, कुठेच दम घेत नाही — एकोणीस — वीस औटं सत्तर. संपलं. आता म्हणते, अण्णा, पेपर वाचू का?

गोकुळदासबाब रडत आहेत.

फिरवला. टक् — पण हॉलमधून. इथे खटका अजून मधेच आहे. पुन्हा फिरवला. टक् हॉलमधून.

जयरामबाब म्हणाले, ऐका, टाकाची कुरकुर. कागदावर कोणीतरी लिहितंय. किती स्वच्छ.

माझा टाक गप्प चालतो आहे. कुरकुर तिकडून येते.

लिहायची थांबून पाहते. तरी तिकडे कुरकुर चालूच राहिली, तर मग मी