रंजे, टॉवर गेला का गं?

प्रिय रंजू,

आज उसाची भांगलण लागली. तू गेल्यापासनं पहिलीच. माझ्या डाव्या अंगाची तुझी पात रिकामी बघितली आणि दिवसभर मनात तुझ्याशीच बोलत राहिले. घरात कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस.

किती वर्षं आपण दोघी जावा शेजारी शेजारी पात धरून गवत काढलं! माझं खुरपं पुढं, तुझं मागं. तू मेढ्याच्या डोंगरातली, तुला उसाच्या सरीत काय दिसायचं देव जाणे. मधीच थांबून सांगायचीस, "आक्का, हितं माझ्या घराचा ओटा, हितं झोपाळा."

मी म्हणायची, "आणि गवत कोण काढणार, झोपाळा?"

बाया तर लय बोलायच्या. हिचा स्क्रू ढिला. हिचा वरचा मजला रिकामा. हिचं विमान उडालं. माझं आपलं एकच, फोनची रेंज गेल्यावर म्हणतात तसं, "रंजे, टॉवर गेला का गं?" तू दचकून वळायचीस आणि हसायचीस. राग कसा यायचा न्हाई तुला?

एकदा तर बांध ओलांडून भावकीच्या रानात शिरलीस आणि त्यांचंच गवत काढत बसलीस! त्या बांधावरनंच आपलं त्यांचं बोलणं बंद. मी कपाळाला हात लावला. तर त्यांची म्हातारी किटली घेऊन आली. "एवढं काढलंस, चहा तरी पी, बाई." त्या चहानंतर दोन्ही घरं परत बोलायला लागली.

पण कावीळ अंगावर काढलीस आणि त्यातच गेलीस, ते लय वाईट केलंस. झोपाळ्याचं सांगायचीस, दुखण्याचं एकदा तरी सांगायचं की!

आज बाया तुझ्या पातीवर गावातल्या एका नव्या सुनेला बसवायला निघाल्या. मी ओरडले, "ती पात धरलेली हाय!" मग एकजण हळूच म्हणाली, "सुमन, आता तुझा टॉवर गेला व्हय?"

दोन्ही पाती एकटीनं काढल्या. कंबर मोडली. उद्या न्हाई जमायचं गं.

उद्या त्या पोरीला तुझी पात देते. रमली, चुकली, बांधापलीकडं गेली तरी नावानंच हाक मारीन. टॉवरची हाक तिला घालणार न्हाई. ती ऐकून वळणारी तू एकटीच.

तुझी तोंडाळ आक्का,
सुमन